ज्याच्या अंगणात पडला, त्यानं उचलायचा

बा, तू जाऊन सहा दिवस झाले आणि मी अजून तुझ्याशी भांडतोच आहे. घरी भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणतो, "शांत माणूस होता गा तुहा बाप." मी मान हलवतो. मनात म्हणतो, शांत नव्हता, मुका होता. तोंड असून मुका. शांत माणसाचा त्रास होत नाही. तुझा मला नऊ वर्षं झाला.

उद्या विहारात तुझं पुण्यानुमोदन आहे. "घरातला शिकलेला तूच, चार शब्द तूच बोल," असं सगळ्यांनी मला न विचारताच ठरवून टाकलं. त्याच विहारात, त्याच डुगडुगत्या टेबलामागं उभा राहून मी तुझ्याबद्दल एकदा बोललो आहे. तुझं नाव घेतलं नव्हतं, पण तुझ्याबद्दलच बोललो होतो. तू तिसऱ्या रांगेत बसला होतास आणि तू टाळ्या वाजवल्या होत्यास. त्या टाळ्यांचा राग मला परवा आला, नऊ वर्षांनी. तो आधी तुझ्यावर काढल्याशिवाय उद्या माझ्या तोंडातून शब्द निघणार नाही.

तेव्हा आपण हुडकेश्वरकडच्या या प्लॉटवर नुकतेच राहायला आलो होतो. रस्त्याच्या या बाजूला आपलं दोन खोल्यांचं घर, समोर पुराणिक बाईंचं, त्यांच्या शेजारी ओव्हरसियरचं, पुढं तीन-चार घरं. मग शेतं आणि शेतांच्या टोकाला बोडी, तुझ्या भाषेत तलावाची धाकटी बहीण. तू मिलमधून रिटायर झालेला. सकाळी कांबळं पांघरून ओट्यावर बसायचास, काळा चहा प्यायचास आणि पाखरं पाहायचास. मला हे रिकामपण वाटायचं.

संक्रांत होऊन गेली होती. मी सायकल काढत होतो, सदरला ऑफिसात जायला. तू म्हणालास, "सुध्या, त्या कावळ्याकडे पाह्य गा."

"काय पाहू त्याच्यात?"

"पोरगी बाजूनं धावत गेली तरी उडून नाही राहिला. पिसं फुगवून बसला. मान पाह्य कशी तिरपी टाकली. हा परवा पडते."

मी म्हटलं, थंडीनं बसला असेल. मी बी.एस्सी., प्राणिशास्त्र घेऊन. तू दुसरी नापास. कावळा परवा पडला. पुराणिक बाईंच्या अंगणात, तुळशीच्या कट्ट्याला लागून.

संध्याकाळी घरी आलो तर मायनं सांगितलं, "तुह्या बापानं समोरचा कावळा उचलून पुरला. बाई बलवाले आल्या होत्या."

माझ्या डोक्यात जे झालं ते आज पुन्हा सांगतो, कारण त्यातला एकही शब्द मी मागं घेतलेला नाही. बाईंच्या घरात स्कूटरवाला तरणाताठा मुलगा होता. शेजारी ओव्हरसियर होता. आठवड्याला माळी यायचा. एवढ्या सगळ्यांना ओलांडून, रस्ता ओलांडून बाई आपल्या दाराशी आल्या. "अहो गणवीर, जरा येता का, कावळा मेलाय." जातीचा शब्द त्यांनी काढला नाही. काढावा लागतच नाही. पाय कोणत्या घराकडे वळतात तेवढं पाहिलं की पुरे.

"काहून उचलला?" मी विचारलं.

"पडला होता म्हणून."

"तिच्या अंगणात पडला होता. तिच्या पोराच्या हाताले काय मेंदी लावली होती?"

"त्यायले भेव वाटते गा."

"आन तुले?"

"मले सवय आहे. लहानपणी बैलं ओढले मी. कावळा काय चीज आहे?"

तू हे हसत हसत म्हणालास, बा. तिथंच माझं भान सुटलं. छप्पन साली पांढरं धोतर नेसून दीक्षा घेऊन आलास, गावाला जाऊन पंचांना तोंडावर सांगितलंस की आता मेलेलं ढोर आम्ही ओढणार नाही, तुमचं तुम्ही पाहा. त्यापायी गाव सुटलं, मिलच्या खोलीत आठ माणसं झोपली. ही गोष्ट मी तुझ्याच तोंडून ऐकत मोठा झालो. परीक्षेच्या दिवसांत झोप आली की ती गोष्ट आठवून उठून बसायचो. आणि तूच एका कावळ्यासाठी समोरच्या दारात वाकलास.

"कावळ्याले जात नसते बाबू," तू म्हणालास.

"कावळ्याले नसते. उचलणाऱ्याले असते."

माय आतून ओरडली, "भाकरी थंड्या होऊन राहिल्या, जात मंग काढा!"

तू कांबळं नीट केलंस. म्हणालास, "छबी पिसं तोंडात घालते. ते लोक नालीत फेकतीन, कुत्रं उचलून आपल्याच ओट्यावर आणीन. तू त्यायले अक्कल शिकव. तवरिक मी खड्डा खणतो."

माझी छबी तेव्हा तीन वर्षांची होती. पिसं गोळा करण्याचा तिला नादच होता. तुझं म्हणणं चुकीचं नव्हतं. पण मी रागात होतो, आणि बरोबर असलेल्या माणसाचा राग जास्त येतो. मी सांगून टाकलं, यापुढे या घरातला कोणी दुसऱ्याच्या दारचं मेलेलं उचलणार नाही. घर माझ्या पगारावर चालत होतं. तो पगार मी त्या वाक्यात न बोलता घातला आणि तुला तो ऐकू गेला. तू "हाव" म्हणालास. एवढंच. भांडायला पाहिजे होतंस.

मग पाखरं पडतच गेली. बोडीच्या काठावर बगळे माना मुरगाळून बसलेले दिसायचे, हाकललं तर दोन पावलं चालून कलंडायचे. साळुंक्या, एखादं होलं. बायका म्हणू लागल्या, मानमोडी आली. मायनं कोंबड्या खुराड्यात कोंडल्या, त्यांचं पाणी वेगळं केलं. तरी दोन गेल्याच. डोकं पाठीला लावून गोल गोल फिरत गेल्या. मागच्या गल्लीत तर एक कोंबडी राहिली नाही. आपल्या घरी अंडी बंद झाली, पाणी उकळून पिऊ लागलो, पाण्याच्या माठावर फडकं आणि फडक्यावर दगड आला. छबीला बाहेर सोडणं बंद. घरात कोणी खोकललं की बाकीचे त्याच्याकडे पाहायचे.

"माणसाले होते काय गा हे?" रस्त्यावरच्या घरांची सगळी लाईन मला विचारायची, कारण मी बी.एस्सी. मला माहीत नव्हतं. मी गळा साफ करून म्हणायचो, "अद्याप तसं सिद्ध झालेलं नाही." ओट्यावर तू ऐकत असायचास आणि एकदा तू हसलास. ते हसणं मी माफ केलेलं नाही.

मी काय केलं? अर्ज केले. ऑफिसच्या टाइपरायटरवर, कार्बन लावून, तीन प्रतीत. "विषय: वन्य पक्ष्यांच्या संशयास्पद मृत्यूबाबत." मानमोडी नाही लिहिलं, राणीखेत लिहिलं. गुरांच्या दवाखान्यात म्हणाले, कावळे आमच्यात येत नाहीत. आरोग्यवाल्यांनी सांगितलं, पाखरं आमच्यात येत नाहीत. सफाईवाले म्हणाले, तुमचा भागच हद्दीत येत नाही. मी चौथा अर्ज केला. पण मधल्या काळात माझ्या लक्षात आलं, लाईन स्वच्छ दिसते आहे. कुठं मेलेलं पाखरू पडून राहत नाही. मला वाटलं, आला वाटतं कोणीतरी हद्दीत. मी बायकोला म्हटलंसुद्धा, लेखी मागितलं की मिळतं.

मग एक दिवस तब्येत बरी नव्हती म्हणून दुपारीच परतलो. बोडीच्या वळणावरून पाहिलं. तू कमरेइतक्या खड्ड्यात उभा. चुन्याची बादली बाजूला. वर काठावर पुराणिक बाई, पदर नाकाला, हात रिकामे. तू खाली वाकलेला आणि बाई वर उभ्या. मी सायकल थांबवली नाही. घरी येऊन पडून राहिलो. संध्याकाळी तुझ्या धोतराला चुना लागलेला होता. मी विचारलं नाही आणि तू सांगितलं नाहीस.

त्याच्या पुढच्या महिन्यात विहारात तरुणांची सभा होती. मी बोललो. "आपल्यातली काही म्हातारी माणसं अजून दुसऱ्यांच्या अंगणातले मेलेले कावळे उचलतात. शपथ एका दिवसाची नसते. कावळ्याला जात नसते, उचलणाऱ्याला असते." सभागृह दणाणलं. आणि तिसऱ्या रांगेत तू, मिलमध्ये जाड झालेल्या त्या पंजांनी, सावकाश, सगळ्यांच्या टाळ्या थांबल्यावरही दोन जास्तीच्या टाळ्या वाजवणारा. मला वाटलं, म्हाताऱ्याला कळलंच नाही. मग वाटलं, कळलं आणि लाज लपवतोय. घरी येताना मी सायकल हातात धरून पुढं चालत होतो, तू मागं.

त्यानंतरची नऊ वर्षं आपण काय बोललो ते मी मोजून सांगू शकतो. "गोळी घेतली?" "घेतली." "पेन्शन आली?" "आली." छबी आपल्या दोघांच्या मध्ये बसून दोघांशीही बोलायची. तुझा दमा वाढला, मिलचा कापूस छातीत बसला होता, तेव्हा मी तुला दवाखान्यात नेलं, चांगल्या डॉक्टरकडे, धरमपेठेत. मुलगा म्हणून जे करायचं ते सगळं केलं. पण तुझ्याकडे पाहताना मला तो खड्डा दिसायचा.

आता परवाचं सांगतो. सकाळची वेळ. दारात पुराणिक बाई. त्याही आता वाकल्या आहेत, मुलगा पुण्याला गेला, यजमान वारले, एकट्याच असतात. हातात वर्तमानपत्राची पुडी. म्हणाल्या, "सुधाकर, वडिलांची कुदळ असेल ना? देता का जरा? साळुंकी मेलीय अंगणात."

मी जागेवरून उठलो आणि मला कळलंही नाही मी किती मोठ्यानं बोलतो आहे. "बाई, माणूस जाऊन चार दिवस झाले नाहीत! बाप गेला, आता मुलानं उचलायचं का? तुमच्या घरी दुसरं दार माहीतच नाही का?"

बाई गोंधळल्या. पुडी पुढं धरली. "उचलायला नाही हो सांगत. उचलली आहे मी. ही काय. खड्डाही मीच खणते, फक्त कुदळ..."

"निघा तुम्ही," मी म्हटलं.

त्या पुडी घेऊन परत गेल्या. आतून माय आली.

"काय बोलला गा तू तिले?"

"जे तवाच बोलाले पाहिजे होतं ते."

"बस खाली," माय म्हणाली. "बी.एस्सी. झाला तं झाला, खाली बस."

आणि तिनं सांगितलं. भांडणाच्या दुसऱ्या दिवशी दुसरा कावळा पडला. बाई पुन्हा आल्या. तू ओट्यावरून उठला नाहीस. म्हणालास, "बाई, खड्डा मी खणतो. उचलायचा ज्याच्या अंगणात पडला त्यानं." बाई म्हणाल्या, मला नाही हो जमणार. तू म्हणालास, "मी काय मायच्या पोटातून शिकून आलो होतो? या, शिकवतो."

"पयल्या दिवशी नालीपाशी ओकली बाई," माय सांगत होती. "तुहा बाप उभा. म्हणे, ओका, मंग उचला. हाताले कागद कसा गुंडाळायचा, शेपटाकडून कसं धरायचं, झटकायचं नाही, मंग राखेनं हात कसे घासायचे, सारं दाखवलं. तो ओव्हरसियर दोन दिवस नाही म्हणत होता. त्याच्या कोंबड्या पटापट पडल्या, तवा आला टोपलं घेऊन. सारी लाईन आणे आपापलं. तुह्या बापानं आपल्या दोन कोंबड्यांशिवाय एक पाखरू हातात नाही घेतलं मंग."

बाईंचे हात रिकामे होते, बा. कारण त्यांनी नुकतंच आत टाकलं होतं. मी वळणावरून अर्धंच पाहिलं आणि त्या अर्ध्यावर भाषण केलं.

"मले काहून नाही सांगितलं?" मी मायला विचारलं.

"तू बोलत होता काय त्याच्याशी? म्या म्हटलं त्याले, पोराले सांग. तं म्हणे, त्याचंच तं ऐकलं ना मी. आता त्याचंच त्याले काय सांगू?"

"आन विहारात मी बोललो तवा?"

"तवा? खुश होऊन आला. म्हणे, पोरगं कागद न पाहता बोलते."

आता तूच सांग, मी काय करू याचं? माणूस आपल्यावर थुंकणाऱ्या वाक्याला टाळ्या वाजवतो, का, तर ते पाठ न करता म्हटलं म्हणून? तुझ्या या अभिमानाला मी काय नाव देऊ? माझी डिग्री आली तेव्हा तू ती उशीच्या अभ्र्यात घालून मिलमध्ये नेली होतीस, तुझ्या मुकादमाला, जॉबरला दाखवायला, आणि जॉबरनं हात पुसून घेतले तेव्हाच ती बाहेर काढली होतीस. पण त्याच डिग्रीवाल्याला तू नऊ वर्षं चुकीचं बोलत राहू दिलंस. भांडणात मी जिंकलो होतो, तू माझं ऐकलं होतंस, माझ्यापेक्षा चांगलं करून दाखवलं होतंस. हे सांगायला एक वाक्य लागलं असतं. दम्यातसुद्धा बसलं असतं तेवढं एका श्वासात. तू मला लहान समजलास की मोठा, तेही आता कळायचं नाही.

कुदळ घेऊन समोर गेलो. बाई तुळशीमागं बसून खुरप्यानं माती उकरत होत्या. वीतभरही झालं नव्हतं. मी खणायला लागलो. मला येत नाही, तुला माहीत आहे. पाच मिनिटांत तळहात सोलले. बाई म्हणाल्या, "अजून खोल. ते हातभर खणायचे, कुत्र्यानं उकरू नये म्हणून." मी हातभर खणलं. पुडी त्यांनी ठेवली. माती मी लोटली.

मग मी विचारलं. तू कधी विचारलं नसशील म्हणून विचारलं. "बाई, पहिला कावळा पडला तेव्हा आमच्याच घरी का आलात?"

त्या बराच वेळ हात घासत राहिल्या, राखेनं, तू शिकवलंस तसे. म्हणाल्या, "तुमच्या वडिलांनी हे कधी विचारलं नाही."

"मी विचारतोय."

"तुम्हाला जे वाटतं ना," त्या म्हणाल्या, "तेच." आणि आत गेल्या. येताना कुदळ मी त्यांच्या दारातच ठेवून आलो. पाखरं या वर्षीही बसून राहिली आहेत बोडीवर, एक कावळा कालपासून तारेवर मान तिरपी टाकून आहे. कुदळ लागेल त्यांना.

पहिला कावळा तिनं तुझ्याकडून उचलवला, हे मी विसरणार नाही. तू विसरलास, तो तुझा स्वभाव. माझा नाही. पण दुसऱ्या कावळ्याचं मला माहीतच नव्हतं, आणि पहिल्याचं सांगून दुसऱ्याचं न सांगणं म्हणजे खोटं बोलणंच झालं. तेवढं मला कळतं.

तेव्हा उद्या सांगतो. त्याच टेबलामागून. नऊ वर्षांपूर्वी मी इथं ज्याच्याबद्दल बोललो तो माझा बाप होता, नाव गोविंदा गणवीर, असं पहिल्यांदा सांगेन. मग दोन्ही कावळे सांगेन. बाईंनाही बोलावलं आहे. त्यांच्यासमोर सांगेन, त्यांना आवडो न आवडो.

हे सगळं लिहिलं खरं, पण हा कागद घरीच ठेवणार आहे. न पाहता बोलेन. कुठं चुकलो तर या वेळी टाळ्या वाजवू नकोस, बा. उठून उभा राहा आणि बोल.